टोझर साहेबाचं आडनाव

गिरणीत तुम्ही काय होता, असं मला अजूनही कोणी कोणी विचारतं. विणकर होता, जॉबर होता, की युनियनमध्ये होता? मी सांगतो, मी साहेबाचं इंग्रजी होतो. विचारणारा माझ्याकडे जरा कीव आल्यासारखा बघतो आणि विषय बदलतो. पण खरंच, दुसरं नेमकं उत्तर मला सुचत नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला संयुक्त महाराष्ट्राच्या काळातल्या गिरणगावाविषयी लिहायला सांगितलं, तेव्हा मी त्यांना आधीच बजावलं होतं की मी लढ्यात नव्हतो, आवक-जावक विभागात होतो. तरीही ते म्हणाले, लिहा. लढ्यात असलेल्यांची संख्या दर वर्षी वाढतेच आहे. त्यात नसलेला माणूस आता शोधून मिळत नाही, म्हणून बहुधा त्यांनी मला धरलं असावं.

परळच्या एका गिरणीत मी इंग्रजी पत्रव्यवहाराचा कारकून होतो. राहायला गिरगावात. ट्रामने यायचं, ट्रामने जायचं. काम असं की मॅनेजर साहेब बोलणार, मी ते लघुलिपीत उतरवून घेणार आणि मग टाइप करून तीन प्रती काढणार. ऐकायला सोपं वाटतं. पण साहेब जे बोले आणि मी जे टाइप करी, त्यात बरंच अंतर असे, आणि त्या अंतराचाच मला पगार होता. साहेब म्हणे, "त्या गाढवाला कळव, असला सडका कापूस पुन्हा पाठवलास तर तुझ्याच उशीत भरीन." मी टाइप करी, आपण पाठवलेल्या गाठींच्या प्रतीबाबत आम्हांस किंचित खेद व्यक्त करावासा वाटतो. साहेब वाचून सही करी. आपण इतके सभ्य आहोत हे बघून त्याला स्वतःलाच बरं वाटत असावं.

दुपारच्या सुट्टीत माझा दुसरा धंदा चाले, तो फुकटचा. कामगार जिन्याखाली येऊन बसत आणि मी त्यांचे अर्ज लिहून देई. रजेचे, बदलीचे, दंड माफ करण्याचे. अर्ज इंग्रजीतच लागे, कारण साहेबाला मराठी येत नव्हतं आणि कामगाराला इंग्रजी. म्हणजे दुपारी मी काकुळतीला येऊन रजा मागायची आणि संध्याकाळी साहेबाच्या वतीने मीच ती नाकारायची, एकाच टंकयंत्रावर. काही अर्ज मी इतके बिनतोड लिहून बसलो होतो की ते फेटाळताना मला घाम फुटे.

गिऱ्हाईकंही एकेक. सावंतवाडीकडच्या एकाची आत्या दर शिमग्याला वारायची. तिसऱ्या वर्षी मी त्याला म्हटलं, "यंदा तिला जगू दे रे, काका घे." त्याला ते पटलं. वीव्हिंगमधला साळवी नावाचा एक तरुण युनियनवाला होता. अर्जाच्या शेवटी 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' असं लिहायची पद्धत होती, तिचा मराठी अर्थ त्याला कोणीतरी सांगितला. तो म्हणाला, "मी कोणाचा सेवक नाही. ती ओळ काढा." काढली. साहेबाने अर्जाचा शेवट दोनदा पाहिला.

"हा सेवक नाही, तर कोण आहे?"

"विणकर आहे, सर."

रजा मंजूर झाली. धक्क्याने झाली असावी. तेव्हापासून कामगार मला 'अर्जमास्तर' म्हणू लागले आणि मी लोकांच्या उपयोगी पडतो असा माझा स्वतःबद्दल एक गोड गैरसमज झाला.

आता साहेबाविषयी. टोझर त्याचं आडनाव. उंच, मान कायम लाल, गुडघ्यापर्यंतची खाकी विजार. लढाईच्या आधी तरुणपणी इंग्लंडहून आला तो इथेच राहिला. सत्तेचाळीस साली राज्य गेलं, पण ते टोझर साहेबाला कोणी लेखी कळवलं नसावं, कारण त्याच्या वागण्यात फरक पडला नाही. माणूस वाईट होता असंही मला म्हणवत नाही. यंत्राचा आवाज ऐकून तो बिघाड सांगे. माणसाच्या आवाजाबाबत मात्र त्याचा कान तितका तयार नव्हता. गेटवर त्याला सगळे 'टोचर साहेब' म्हणत. त्याला वाटे, बिचाऱ्यांना झ म्हणता येत नाही.

साहेब निवृत्त होऊन मायदेशी जायचा होता. त्या निमित्ताने आमच्या शेठजींनी त्याला चांदीची ढाल भेट द्यायचं ठरवलं आणि ढालीवर साहेबाच्या घराण्याचं मानचिन्ह कोरावं अशी त्यांची इच्छा पडली. इंग्रज म्हटला की त्याला घराणं असणार आणि घराणं म्हटलं की सिंहबिंह असणार, हे शेठजींनी गृहीत धरलं होतं. आमचे हेडक्लार्क विजयकर तर त्यांच्याही पुढे. विजयकरांचे आजोबाही साहेबाच्या कचेरीत होते, वडीलही. साहेब लोकांचा मोठेपणा त्यांच्या घरात वंशपरंपरेने चालत आला होता. ते म्हणाले, "ढेकणे, टोझर म्हणजे मूळचं तोषर. तोषवणारा. सगळ्या भाषा संस्कृतातून निघाल्यात."

"पण साहेब कोणाला तोषवतो?" मी विचारलं.

"तो भाग वेगळा," विजयकर म्हणाले.

साहेबाची स्वतःची हकीकत निराळी होती. त्याच्या आजीने त्याला लहानपणी सांगितलं होतं की आपलं नाव फ्रान्समधल्या कुठल्याशा गढीवरून पडलं, आणि मूळपुरुष घोड्यावर बसून समुद्र ओलांडून आला. घोड्यावर बसून समुद्र कसा ओलांडतात हे मी विचारलं नाही. लंडनमध्ये पैसे घेऊन लोकांची कुळं शोधून देणारी काही मंडळी होती. साहेबाने त्यांना पत्र सांगितलं, मी ते लिहिलं: आडनाव फार दुर्मीळ आहे, त्याचं मूळ, अर्थ आणि मानचिन्ह कळवावं. सही करताना तो मला म्हणाला, "अख्ख्या मुंबईत मला दुसरा टोझर भेटला नाही." हे सांगताना त्याची मान आणखी लाल झाली. अभिमानानेच असावी.

त्याच सुमाराला गिरणगाव पेटलेलं होतं. रोज सभा, रोज घोषणा. 'झालाच पाहिजे' ही दोन शब्दांची आरोळी आमच्या कचेरीच्या काचांवर येऊन थडके, आणि विजयकर उठून खिडक्या लावून घेत. राज्य कुठून कुठपर्यंत हा प्रश्न ते खिडकीच्या कडीने सोडवत. हरताळाच्या दिवशी गैरहजर राहणाऱ्यांवर कारवाई होईल अशी नोटीस साहेबाने लावली होती. टाइप कोणी केली ते सांगायला नकोच. हरताळ झाला आणि कार्डिंग खातं आख्खंच्या आख्खं मोर्चाला गेलं.

ज्यांनी गिरणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाठींमधून फुटून आलेला कापूस कार्डिंगच्या यंत्रात बारीक तारांच्या दातांनी पिंजला जातो. त्यातला कचरा जातो, तंतू सरळ होतात आणि जाड, मऊ पेळू बाहेर पडतो. ऐकायला छान. प्रत्यक्षात हवेत सगळीकडे तूस तरंगत असतं. ते पापण्यांवर, मिशांवर, नाकात बसतं. पंचविशीतला माणूस पाळी संपवून निघाला की सत्तरीचा दिसे. घरी जाऊन अंघोळ केली की पुन्हा पंचविशीचा होई, पण छातीत गेलेलं तूस अंघोळीने निघत नसे. त्यांचा खोकला आम्हांला कचेरीत ओळखू येई.

त्या खात्यात सगळ्यांत जुना माणूस भिकाजी परब. मालवणकडचा, पन्नाशीचा, काटक, अतिशय कमी बोलणारा. त्याच्या बायकोच्या आजारपणात त्याच्या रजेचे दोन अर्ज मी लिहिले होते. त्याने माझ्यासाठी गावचे फणस आणले होते. मी त्याला भिकाजीकाका म्हणे.

हरताळाच्या दुसऱ्या दिवशी साहेब कार्डिंग खात्यात गेला आणि दुभाषा म्हणून मला बरोबर घेतलं. यंत्रं थांबवली. खातं उभं राहिलं. साहेब सर्वांत जुन्या माणसासमोर, म्हणजे भिकाजीकाकांसमोर, जाऊन थांबला आणि मला म्हणाला, "याला विचार, तीस वर्षं कापसाचं तूस झाडणाऱ्या माणसाला राज्याच्या सीमांशी काय करायचंय?"

मी काकांना विचारलं, "साहेब म्हणतात, तुम्ही मोर्चाला का गेलात?" बघा, इथेच मी अर्धं कापलं होतं. पण 'तूस' हा शब्द खाणाखुणांनी कळतो. साहेबाने हवेतलं तूस बोटाने दाखवलं होतं.

भिकाजीकाका शांतपणे म्हणाले, "सायबाक सांगा मास्तरानू, मी तूस काढतंय म्हणान माका गाव नाय काय? सायबाच्या गावाचा कोणी परस्पर ठरवल्यानी आणि तेका इचारूक नाय, तर तो काय करतलो? गप बसतलो?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं तेही. साहेबही.

मी म्हणालो, "सर, तो म्हणतो, चूक झाली. पुन्हा होणार नाही."

साहेबाने भुवया उचलल्या. "बोलला तर बराच वेळ. एवढंच?"

"आमच्या भाषेला वेळ लागतो, सर."

मी हे का केलं, याचं उत्तर मी त्या दिवशी स्वतःला फार छान दिलं होतं. म्हातारा वाचला. आयुष्यभर मी साहेबाच्या शिव्यांना खेदात बदलत आलो होतो. आता भिकाजीकाकांच्या सवालाला माफीत बदललं. माझा हात त्याला सरावलेला होता. संध्याकाळी ट्राममध्ये मी स्वतःवर खूश होतो, हे कबूल करायला लाज वाटते, पण होतो.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाला, "सगळ्यांत जुन्या माणसाने माफी मागितली, चांगलं झालं. आता तेच लेखी घे. त्याची सही गेटवर लाव, म्हणजे बाकीचेही वठणीवर येतील."

मी माफीनामा टाइप केला. फार सुंदर इंग्रजी होतं. तो घेऊन खात्यात गेलो आणि म्हणालो, "काका, इथे सही करा. कामावर रुजू झाल्याचा कागद आहे." हे दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

काकांनी पेन घेतलं. मग म्हणाले, "वाचून दाखवा."

मी इंग्रजीतच वाचू लागलो. म्हटलं, याला काय कळणार? दुसऱ्याच ओळीत काकांनी हात वर केला.

"सॉरी म्हणालात? सॉरी कित्याक?"

मुंबईतल्या कुठल्याही माणसाला जे चार इंग्रजी शब्द येतात, त्यातला एक हा, हे इंग्रजीच्या कारकुनाच्या लक्षात आलं नव्हतं. मला बाकीचं सांगावं लागलं. साहेबाला मी काल काय सांगितलं, तेही. आजूबाजूचे चार-सहा जण ऐकत होते. काका रागावतील असं मला वाटलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पेन माझ्या खिशाला अडकवून दिलं आणि म्हणाले, "मी सॉरी खंय म्हटलंय? तुमी म्हटलात. तुमीच सही करा."

साहेबाला मी एवढंच कळवलं की तो सही करत नाही. यात तरी एक शब्द खोटा नव्हता. साहेब संतापला. काल माफी मागतो आणि आज फिरतो म्हणजे काय? नोटीस सांगितली: दिलेला शब्द फिरवल्याबद्दल भिकाजी परब याला कामावरून कमी करण्यात येत आहे. मी ती लघुलिपीत घेतली. न दिलेला शब्द फिरवल्याबद्दल एका माणसाची तीस वर्षांची नोकरी जात होती आणि तो शब्द कोणी दिला हे जगात खात्यातल्या पाच-सहा माणसांना आणि मला माहीत होतं. नोटीस टाइप करायला मला सहसा पाच मिनिटं लागत. त्या दिवशी मी फीत बदलली, यंत्राला तेल घातलं, नवा कार्बन मागवला. दुपार तशीच गेली.

आणि दुसऱ्या दिवशीच्या टपालात लंडनचं पत्र आलं.

आवक टपाल फोडणं माझं काम. पत्र दोन पानी होतं, नम्र होतं आणि त्यातलं एकही वाक्य सौम्य करून सांगता येण्यासारखं नव्हतं. आडनाव खरोखर दुर्मीळ आहे, असं त्यांनी सुरुवातीलाच मान्य केलं होतं. ते फ्रान्सच्या कुठल्याही गढीवरून आलेलं नसून इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन म्हणून परगणा आहे तिथलं आहे. जुन्या इंग्रजीत 'टोझ' म्हणजे लोकर बोटांनी किंवा फणीने ओढून मोकळी करणं, पिंजणं. ते काम करणारा तो टोझर. आजचा 'टीझ' हा शब्द त्याच कुळातला, त्याचा छळणं, चिडवणं हा अर्थ नंतरचा. या नावाच्या घराण्याला साहेब सांगतात तसं मानचिन्ह असल्याची नोंद कुठे आढळली नाही. क्षमस्व.

मी ते पत्र तीनदा वाचलं. गिरगावात आमच्या गल्लीत एक पिंजारी खांद्यावर धनुकली टाकून यायचा. तार वाजवत, गाद्या-उशांचा कापूस पिंजून द्यायचा. त्याला आम्ही कधी दारात उभं केलं नव्हतं, पायरीखालीच बसवायचो. टोझर साहेब म्हणजे तो.

विजयकरांनी माझ्या खांद्यावरून पत्र वाचलं आणि त्यांचा चेहरा घरात कोणी गेल्यासारखा झाला. त्यांनी आधीच ठाकूरद्वारच्या एका पेंटरकडून सिंह आणि किल्ला काढून घेतला होता.

"ढेकणे, हे पत्र आलेलं नाही."

"आवक रजिस्टरात चढवलंय मी."

"मग रजिस्टरावर शाई सांडा. अहो, माणूस चार दिवसांचा सोबती. सुखाने जाऊ दे त्याला त्याच्या मूळपुरुषासकट."

सल्ला आमच्या धंद्याला धरूनच होता. दहा वर्षं मी तेच करत आलो होतो. पण खिशाला अडकवून दिलेलं ते पेन मला कालपासून टोचत होतं. मी फाइल घेतली. वर लंडनचं पत्र ठेवलं, खाली शेवटी टाइप केलेली भिकाजीकाकांची नोटीस, आणि आत गेलो. धैर्य म्हणू नका. दार लोटायला मी फाइलचाच उपयोग केला.

साहेबाने पत्र वाचलं. पान उलटलं, पुन्हा पहिल्यावर आला.

"लोकर पिंजणारा," तो म्हणाला. "तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?"

"पिंजारी, सर."

"आणि आपल्या गिरणीत?"

"कार्डिंग खातं, सर."

त्याने पत्र बाजूला ठेवलं. मग एकदम विचारलं, "तुझ्या आडनावाचा काय अर्थ आहे, ढेकणे?"

दहा वर्षांत त्याने हे पहिल्यांदाच विचारलं. मी सांगितलं, "ढेकूण, सर. खाटेतला."

साहेब हसला. मोठ्याने, मान मागे टाकून हसला. त्याचे दात मी तेव्हा पाहिले. हसणं थांबल्यावर त्याने खालचा कागद काढला, नोटीस, आणि सहीसाठी पेन उचललं.

तेव्हा मी सांगून टाकलं. भिकाजी परबाने माफी मागितलीच नव्हती. तो काय म्हणाला होता ते शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. तूस काढतो म्हणून मला गाव नाही का, इथपासून गप बसाल का, इथपर्यंत. आयुष्यात मी केलेलं सगळ्यांत चांगलं भाषांतर ते. फक्त दोन दिवस उशिरा.

साहेबाने पेन खाली ठेवलं.

"मग तू मला खोटं का सांगितलंस?"

"नोकरी जाईल म्हणून, सर."

"कोणाची?"

उत्तर साहेबालाही नको होतं बहुधा. त्याने नोटीस फाडली नाही, तो असल्या नाटकांतला नव्हता. तिच्यावर आडवी रेघ मारली आणि म्हणाला, "वही काढ." मी काढली. त्याने सांगितलं आणि मी उतरवून घेतलं: दुभाष्याच्या कामात गंभीर दोष आढळल्यामुळे पत्रव्यवहार कारकून ढेकणे याची कार्डिंग खात्यात टाइमकीपर म्हणून बदली करण्यात येत आहे. बाहेर येऊन मी ते टाइप केलं, तीन प्रतींत. त्यात एकही चूक झाली नाही आणि एकही शब्द मला सौम्य करता आला नाही.

साहेबाचं हृदयपरिवर्तन झालं असं कोणी समजू नये. पुढच्या हरताळाआधी त्याने पुन्हा तीच नोटीस लावली. फक्त ती आता दुसऱ्याने टाइप केली आणि त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, एवढा सूड मला पुरला. खातं पुन्हा मोर्चाला गेलं. कोणाला काही झालं नाही.

मी त्या खात्यात सहा महिने हजेरी घेतली. पहिल्या आठवड्यात माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या, दुसऱ्यात खोकला लागला. घरी आई काळजी करू लागली. भिकाजीकाका वेळेवर येत, आपलं नाव सांगत, यंत्रावर जात. माझ्याशी भांडले नाहीत, टोमणा मारला नाही. फणसही आणला नाही. माझं अर्जांचं दुकान आपोआप बंद पडलं. पाचेक जणांनी ऐकलेली गोष्ट गिरणीत किती जणांना कळते, हे सांगायची गरज नाही. शेवटी सावंतवाडीचा तो आत्यावालाही साळवीकडून अर्ज लिहून घेऊ लागला. साळवीचं इंग्रजी भयंकर होतं.

साहेब मात्र त्या दिवसांत खात्यात वरचेवर येऊ लागला. भिकाजीकाकांच्या यंत्रापाशी हात मागे बांधून उभा राही आणि पेळू बाहेर पडताना बघत बसे. एकदा त्याने पेळूचा तुकडा तोडून दोन बोटांनी ओढून पाहिला. काकांनी मान हलवून त्याच्या हातातून तो घेतला, कसा धरायचा ते दाखवलं आणि परत दिला. दोघंही एक शब्द बोलले नाहीत. एकाला मराठी येत नव्हतं, दुसऱ्याला इंग्रजी, आणि ज्याला दोन्ही येत होतं तो दहा पावलांवर हजेरीचं बुक घेऊन उभा होता, त्याला कोणी बोलावलं नाही.

निरोपसमारंभ कचेरीच्या दिवाणखान्यात झाला. कामगारांना बोलावणं नव्हतं. मला होतं, कारण टाइमकीपर हा कागदोपत्री कारकूनच. शेठजींनी चांदीची ढाल दिली. तिच्यावर विजयकरांचा किल्ला होता आणि सिंह होता, जरा जास्त खाल्लेल्या मांजरासारखा. साहेबाने ढाल हातात घेऊन बराच वेळ पाहिली.

"हा सिंह इथे काय करतोय, विजयकर?"

"आपल्या पूर्वजांचा पराक्रम आहे, सर."

साहेब सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझे पूर्वज लोकर पिंजायचे."

विजयकर खो खो हसले. शेठजी हसले. मग सगळा दिवाणखाना हसला आणि टाळ्या पडल्या. साहेब लोकांचा विनोद किती निर्मळ असतो, असं विजयकर पुढे कित्येक वर्षं सांगत. साहेब आमच्याकडे एकेक करून बघत होता. मला वाटलं, मी उठून सांगावं की ते खरं बोलताहेत. नाही उठलो. ढाल हातात धरून त्याने फोटो काढून घेतला. त्या फोटोत मीही आहे, मागच्या रांगेत, हसताना.

साहेब बोटीने गेला. पुढे राज्य झालं, मुंबईसकट झालं. लालबागला दिवे लागले, गुलाल उधळला. भिकाजीकाकांना मी त्या गर्दीत लांबून पाहिलं. गुलालाने ते लालभडक झाले होते. त्यांना पांढऱ्याखेरीज दुसऱ्या रंगात मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी हात वर केला. त्यांनी पाहिला असेल, नसेल.

नव्या मॅनेजरने मला पुन्हा टंकयंत्रापाशी आणून बसवलं. त्याला चुका चालत नसत. काही महिन्यांनी टपालात इंग्लंडचं पत्र आलं. पाकीट टाइप केलेलं नव्हतं. अक्षर मी लांबूनही ओळखलं असतं. वर लिहिलं होतं, भिकाजी परब, कार्डिंग खातं. मॅनेजरसाठी नाही, शेठजींसाठी नाही, विजयकरांसाठी नाही.

खरं तर शिपायाकडे द्यायचं. पण मी स्वतः घेऊन गेलो. काकांनी हात विजारीला पुसून पाकीट घेतलं. तिकिटावरच्या राणीकडे पाहिलं, मग आपल्या नावाकडे. इंग्रजी अक्षरांतलं आपलं नाव त्यांना ओळखता येत होतं, बहुधा हजेरीच्या बुकात बघून बघून.

"वाचून दाखवू?" मी विचारलं. "आत्ता दाखवतो. दोन मिनिटांचं काम आहे."

काकांनी पाकीट बंडीच्या खिशात ठेवलं. आवाज अगदी मायेचा होता. "नको मास्तरानू. तुमका कशाक त्रास?"

त्यांच्या चाळीतली एक मुलगी दादरच्या शाळेत इंग्रजी शिकत होती, तिच्याकडून त्यांनी ते पत्र वाचून घेतलं, असं मला नंतर कळलं. साहेबाचं अक्षर वाईट आणि वाक्यं लांब, त्यामुळे निम्मे शब्द तिला अडले असतील. पण जे समजलं, ते तिने जसंच्या तसं सांगितलं असणार.